जोडी देखणी, तरी पिल्लं दरवेळी अशक्त: कारण नेमकं कुठे शोधायचं?

घरी पक्षी पाळून त्यांची पिल्लं काढणाऱ्यांची तक्रार साधारण एकाच पठडीतली असते. नर देखणा आहे, मादी धडधाकट आहे, दोघांची पिसं चकचकीत आहेत, अंडीही वेळेवर येतात. पण दर खेपेला एक-दोन अंडी आतल्या आत मरतात, किंवा निघालेली पिल्लं वाढत नाहीत, किंवा पिसं फुटायच्या वयात एखादं झुरायला लागतं. दाणा बदलून होतो, घरट्याची पेटी बदलून होते, कुणीतरी सांगितलेलं औषध पाण्यात घालून होतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग प्रश्न येतो: आई-बाप इतके चांगले असताना पिल्लं अशी कशी?

गफलत 'चांगले' या शब्दाखाली लपलेली असते. तुरा, रंग, अंगाचा आकार, चोचीची लाली, पिसांची तुळतुळी हे सगळं आपण एकाच टोपलीत टाकतो. यातली काही लक्षणं जन्मतः ठरलेली असतात आणि तब्येतीबद्दल काहीच बोलत नाहीत. काही गेल्या महिन्याभराचं खाणं-पिणं दाखवतात. आणि काही लक्षणं तर स्वतःच पिल्लांच्या मरणाचं कारण असतात. म्हणून औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी आपल्या जोडीचं कोणतं लक्षण कोणत्या गटात बसतं ते पाहायला हवं.

पिल्लू कोणत्या टप्प्यावर बिघडतं?

हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला बारीक टॉर्च लावा. उबवणी सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील तर फलित अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्याभोवती बारीक शिरांचं जाळं दिसतं. शिरा नाहीत, फक्त एक लाल कडं कवचाला आतून चिकटल्यासारखं दिसतंय, तर गर्भ सुरुवातीच्या दिवसांतच गेला. अंडं आतून काळं भरलंय, वरची हवेची पोकळी तेवढी मोकळी आहे आणि फुटायची तारीख उलटून गेलीय, तर पिल्लू शेवटच्या टप्प्यात मेलं. काहीच दिसत नाही, प्रकाश आरपार जातो, तर बहुधा अंडं वांझ. अंडं फुटायला बजीला (बजरीगर या छोट्या पोपटाला) साधारण 18 दिवस लागतात, झेब्रा फिंचला 12 ते 14, कॅनरीला 13-14, कॉकाटील पोपटाला 18 ते 21, कोंबडीला 21. हे दिवस उबवायला बसल्यापासून मोजायचे, अंडं घातल्यापासून नाही.

प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीने क्रमांक टाका आणि वहीत नोंद ठेवा. 'दोन मेली' ही नोंद निरुपयोगी आहे. 'तिसरं आणि पाचवं, रक्ताचं कडं' ही नोंद कामाची.

सगळी अंडी वांझ येत असतील तर नराकडे पाहा, पण त्याच्या रंगाकडे नाही. प्रदर्शनासाठी वाढवलेल्या भरदार बजींमध्ये गुदद्वाराभोवतालची पिसं इतकी लांब आणि दाट असतात की जोडी जमूनही काम होत नाही. ज्या भरदारपणासाठी नर निवडला, तोच आड येतो. तिथली पिसं कात्रीने बेताने कापली की कित्येकदा पुढचीच खेप फलित निघते. दुसरी जागा म्हणजे बजीच्या चोचीवरची मांसल पट्टी. वयात आलेल्या नराची निळी असते, मादीची तपकिरी. पूर्ण पिवळ्या (ल्युटिनो) आणि पूर्ण पांढऱ्या (अल्बिनो) नरांत ती गुलाबी-जांभळट राहते, त्यांना हा नियम लावू नका. पण निळ्या पट्टीच्या नराची पट्टी हळूहळू तपकिरी होऊ लागली, तर अंडकोशात गाठ असण्याची शक्यता धरून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा. असा नर एरवी खाऊन-पिऊन टुणटुणीत दिसू शकतो.

शोभेचं लक्षणच घातक असेल तर

दर खेपेला थोडी अंडी मरतात, उरलेली पिल्लं ठणठणीत असतात, आणि नर-मादी दोघांनाही तुरा आहे. हे वर्णन जुळत असेल तर दाणा-पाणी तपासण्यात वेळ घालवू नका.

तुरेवाल्या कॅनरीत तुऱ्याच्या जनुकाची एक प्रत मिळाली की डोक्यावर तुरा येतो. आई आणि बाप दोघांकडूनही मिळून दोन प्रती झाल्या की गर्भ जगत नाही. तुरेवाल्या झेब्रा फिंचचंही असंच आहे, आणि कॅनरीतल्या 'प्रभावी' (म्हणजे जनुकाच्या एकाच प्रतीने दिसणाऱ्या) पांढऱ्या रंगाचंही. बुटक्या पायांच्या जपानी बँटम कोंबड्यांत दोन प्रतींचा गर्भ सुरुवातीलाच मरतो. अरौकाना जातीच्या कोंबडीत कानाजवळचे पिसांचे झुबके देणारं जनुक दुप्पट झालं, तर पिल्लू उबवणीच्या शेवटी शेवटी कवचात मरतं. तुरेवाल्या बदकांची गोष्ट त्याहून वाईट. दोन प्रती असलेली अंड्यातच जातात, आणि एक प्रत असलेल्या काहींची कवटी वरून नीट मिटत नाही, मेंदूजवळ चरबीचा गोळा होतो, चालताना तोल जातो. अशा बदकाचा तुरा देखणा म्हणणं मला जमत नाही.

दोन्ही तुरेवाले असतील तर सरासरी चौथा हिस्सा मरतो. पण ही सरासरी आहे. पाच अंड्यांच्या खेपेत एकही न मरण्याची शक्यता सुमारे 24 टक्के निघते, म्हणजे साधारण चार खेपांतली एक पूर्ण सुखरूप पार पडते. तेवढ्यावर लोक खूश होतात आणि 'मागच्या वेळी दाण्याचाच दोष होता' असं ठरवून टाकतात. निदान वीस फलित अंड्यांचा हिशेब हातात असल्याशिवाय कोणत्याही बाजूने निकाल देऊ नये.

उपाय सोपा आहे, तुरेवाल्याला साध्या डोक्याची जोडी द्या. 'मग तुरेवाली पिल्लं कमी मिळतील' असा आक्षेप हमखास येतो. गणित करून पाहा. दोन्ही तुरेवाले असतील तर शंभर फलित अंड्यांत 25 मरणार, 50 तुरेवाली, 25 साधी. एकच तुरेवाला असेल तर 50 तुरेवाली, 50 साधी, आणि तुऱ्यापायी कुणी मरणार नाही. तुरेवाली पिल्लं दोन्हीकडे तितकीच. दोन तुरेवाले एकत्र लावून पदरात पडतात ती फक्त मेलेली अंडी.

सगळीच लक्षणं गर्भ मारत नाहीत, काही नंतर त्रास देतात. कुरळ्या पिसांच्या दोन कोंबड्यांची जोडी लावली तर दुहेरी जनुकाच्या पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की ती मोडून अंग उघडं पडतं आणि पिल्लू थंडीत टिकत नाही. कबुतरांत बदामी रंगाचे नर-मादी एकत्र लावले की दुहेरी जनुकाच्या नर पिल्लांत डोळ्यांचे दोष दिसतात. कॅनरी पाळणारे जुने लोक गडद, आखूड पिसांचा पक्षी फिकट, दळदार पिसांच्या पक्ष्याशीच लावतात, त्यामागेही कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या दळदारला दळदारच लावत गेलं की पीस कातडीबाहेर पडेनासं होतं, आतच वळतं आणि पंखावर, पाठीवर गाठी येतात. प्रदर्शनात गुबगुबीत दिसणारा पक्षी त्याच वाटेवर एक-दोन पावलं मागे असू शकतो.

चोच, पाय, पिसं: आजची तब्येत

आता दुसरा गट. ही लक्षणं खातं-पितं शरीर दाखवतात आणि बदलतात. झेब्रा फिंच नराच्या चोचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि ती पक्ष्याला खाण्यातूनच मिळवावी लागतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या नरांना जादा कॅरोटिनॉइड दिले, त्यांच्या चोची अधिक लाल झाल्या आणि त्यांची रोगप्रतिकारशक्तीही वाढलेली आढळली. निळ्या पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्याचे पाय तर दोन दिवस उपाशी राहिला तरी मंदावतात. म्हणजे हा रंग वंशाचा दाखला नाही, चालू खात्यातली शिल्लक आहे. जोडी लावताना पाहिलेली चोच दोन महिन्यांपूर्वीची असेल तर तिचा उपयोग नाही. अंडी घालायच्या आधीच्या आठवड्यांत पुन्हा पाहा.

पक्षी हातात घ्या. अंगठा छातीच्या मधल्या हाडावर फिरवा. हाड सुरीच्या धारेसारखं वर आलंय, बाजूचं मांस बसलंय, तर ही मादी अंडी घालायला लायक नाही, पिसं कितीही चकाकोत. उलट हाड मांसात बुडालंय आणि पोटाच्या कातडीखाली पिवळट चरबी दिसतेय, तर अंडं अडकायचा धोका. मग शेपटीचं एक पीस उजेडासमोर पसरून धरा. पिसाला आडवी, फिकट, बारीक चिरेसारखी रेघ दिसली तर ते पीस वाढत असताना पक्ष्यावर ताण आला होता: उपासमार, आजारपण, भीती. आता शेजारची पिसं पाहा. सगळ्या पिसांवर रेघ एकाच उंचीवर असेल, तर ती पिसं एकाच वेळी वाढत होती, म्हणजे बहुधा पक्षी पेटीत पिल्लू असतानाची ती खूण आहे. मोठ्या पक्ष्याची पिसं पाळीपाळीने बदलतात, त्यामुळे नंतरच्या ताणाच्या रेघा वेगवेगळ्या उंचीवर, एखाद-दुसऱ्या पिसावर पडतात. हीच तपासणी पिल्लांवर करा. या खेपेच्या प्रत्येक पिल्लाच्या शेपटीवर एकसारखी रेघ असेल, तर अमुक दिवसांत चारा कमी पडला हे पिल्लू स्वतःच सांगतंय. तारखेचा अंदाज बांधून वही उघडा.

चोचीच्या कडेला पांढरट, खरबरीत, बारीक भोकांची पुटं असतील तर बजीत ते खवड्या किड्यांचं काम असतं, आणि ते आई-बापांकडून पिल्लांना लागतात. चोच अवाजवी वाढलीय आणि तिच्यावर काळसर डाग आहेत, तर यकृताकडे बोट जातं. ही दोन्ही लक्षणं लांबून पाहणाऱ्याला 'चोच जरा खराब आहे' एवढीच वाटतात.

या गटात मादीची लक्षणं नरापेक्षा जास्त वजनदार मानावीत असं माझं मत आहे. बलकातली चरबी, जीवनसत्त्वं, कॅरोटिनॉइड, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं, कवचाचं कॅल्शियम सगळं तिच्या शरीरातून जातं. पिल्लू निघाल्यावरही पहिला दिवस-दीड दिवस पोटात ओढून घेतलेल्या बलकावर निघतो. नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवलेल्या जोडीत 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, कारण दाण्यात ते मुळातच थोडं असतं. समुद्रफेस, गडद हिरवा पाला, उकडलेलं अंडं हे जोडी लावायच्या काही आठवडे आधीपासून सुरू करायचं. अंडी आल्यावर सुरू केलं तर ती खेप गेलेलीच असते. दोन खेपांनंतर मादीला सक्तीची विश्रांती द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेची अशक्त पिल्लं बहुतेक वेळा थकलेल्या मादीची असतात, त्यात नराच्या रक्ताचा संबंध नसतो.

देखण्या नराची पिल्लं खरोखर सुदृढ असतात?

यावर जंगली पक्ष्यांत बरंच काम झालंय. 1994 साली संशोधक मॅरियन पेट्री यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड उद्यानातल्या मोरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिसाऱ्यातले डोळे ज्या मोरांचे मोठे, त्यांची पिल्लं जास्त वाढली आणि जास्त जगली. माद्या नरांना निवड न करता नेमून दिल्या होत्या आणि पिल्लं सारख्याच परिस्थितीत वाढवली होती, त्यामुळे हा पुरावा वजनदार मानला गेला. पण आदल्याच वर्षी पेट्री यांनीच दाखवलं होतं की मोठ्या पिसाऱ्याच्या मोरासाठी लांडोर जास्त अंडी घालते. पुढे 2008 मध्ये जपानी संशोधकांनी सात वर्षांच्या निरीक्षणानंतर सांगितलं की त्यांच्याकडच्या लांडोरी भारी पिसाऱ्याला विशेष पसंती देताना दिसल्याच नाहीत.

पाळणाऱ्यासाठी यातला मधला मुद्दा सगळ्यात उपयोगी. नर आवडला की मादी अंड्यात जास्त ओतते. झेब्रा फिंच माद्यांनी आकर्षक नरासाठी घातलेल्या अंड्यांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त आढळलं, ही गोष्ट 1999 सालची. आणि तिथला नर आकर्षक ठरला होता तो पायात अडकवलेल्या लाल कड्यामुळे, जनुकांमुळे नाही. मॅलार्ड बदकांच्या माद्या आवडत्या नरासोबत मोठी अंडी घालतात. बूबीवरच्या प्रयोगात पहिलं अंडं आल्यावर नराच्या पायांचा रंग मुद्दाम फिका केला, तर मादीने दुसरं अंडं लहान घातलं.

म्हणजे देखण्या नराची पिल्लं चांगली निघाली तर श्रेय त्याच्या रक्ताला जाईलच असं नाही. नावडत्या नरासोबत जबरदस्तीने कोंडलेल्या मादीची पिल्लं अशक्त निघाली, तर दोष त्याच्या रक्ताचा असेलच असंही नाही. शक्य असेल तिथे दोन-तीन नरांमधून मादीला निवडू द्या. जी जोडी एकमेकांची पिसं विंचरते आणि खेटून बसते, ती कागदावरच्या उत्तम जोडीपेक्षा पुष्कळदा बरी पिल्लं काढते.

अंड्यांची अदलाबदल

दोष रक्तात आहे की पेटीत, याचा निकाल नुसतं बघून लागत नाही. त्यासाठी त्याच आठवड्यात अंडी घातलेली दुसरी, विश्वासाची जोडी लागते. दोन्ही पेट्यांतली निम्मी निम्मी अंडी खुणा करून बदला. तुमच्या जोडीची पिल्लं दुसऱ्या पेटीत फोफावली आणि दुसऱ्यांची पिल्लं तुमच्या पेटीत सुकली, तर रक्त साफ आहे. खोट भरवण्यात, पेटीत किंवा जागेत आहे. तुमच्या जोडीची पिल्लं दोन्हीकडे सुकली, तर खोट अंड्याबरोबर आलेली आहे. मग विश्रांतीनंतर त्याच मादीला दुसरा नर द्या. तरीही तेच झालं तर मादीचं खाणं, वय, तब्येत किंवा तिचं स्वतःचं रक्त. पिल्लं सुधारली तर आधीचा नर, किंवा त्या दोघांचं एकत्र येणं. (नवा नर तिला जास्त आवडला असेल, ही वरची शंका इथे उरतेच. म्हणून एका खेपेवर भागत नाही.)

संसर्गाचा संशय असेल तर अदलाबदल अजिबात करू नका. एका पेटीतला रोग दुसरीकडे नेण्याचा तो राजमार्ग आहे.

'त्या दोघांचं एकत्र येणं' म्हणजे बहुतेक वेळा जवळचं नातं. एकाच घरातून घेतलेले, एकाच दुर्मीळ रंगाचे दोन पक्षी भाऊ-बहीण असण्याची शक्यता भरपूर असते, आणि दोघंही दिसायला निर्दोष असतात. नात्यातल्या जोड्यांचा पहिला परिणाम बाहेरून दिसत नाही, तो अंडी न फुटण्यात दिसतो. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये प्रेअरी चिकन या पक्ष्याची संख्या 1994 पर्यंत पन्नासच्या खाली आली आणि अंडी फुटण्याचं प्रमाण घसरत गेलं होतं. 1992 पासून दुसऱ्या राज्यांतले पक्षी आणून सोडल्यावर ते पुन्हा वर आलं. तुमच्याकडे खेपेगणिक फुटणारी अंडी कमी होत असतील आणि पक्षी सगळे एकाच मूळ जोडीचे असतील, तर बाहेरचा पक्षी आणा. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळा ठेवून मगच आत घ्या.

जिथे दिसण्यावरून काहीच कळत नाही

बजी आणि इतर पोपटवर्गीय पक्ष्यांत पॉलिओमा आणि सर्को हे दोन विषाणू पिल्लांची पिसं बिघडवतात. आई-बाप वाहक असूनही तुळतुळीत दिसू शकतात. पिल्लाची शेपटी आणि पंखांची मोठी पिसं पेटीतून बाहेर पडायच्या सुमारास गळत असतील तर गळलेलं पीस उचलून त्याचं बूड पाहा. बूड चिमटल्यासारखं बारीक झालंय, आत वाळलेलं रक्त आहे, तर विषाणूची तपासणी करून घ्या आणि तोवर त्या खोलीतली सगळी जोडी-जमवणी थांबवा. बूड ठीक आहे पण पिल्लाच्या पाठीवर नुसती खुंटं उरलीत, तर आई किंवा बापच पिसं उपटतोय, बहुतेकदा पुढच्या खेपेच्या घाईत.

खेपेतलं फक्त शेवटचं पिल्लू मागे पडत असेल तर काळजी कमी करा. बजी एक दिवसाआड अंडं घालते आणि पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, त्यामुळे पाच अंड्यांत थोरल्या आणि धाकट्यात आठवड्याहून जास्त अंतर पडू शकतं. पाय फाकलेलं पिल्लूही लगेच वंशाच्या खात्यात टाकू नका. पेटीचा तळ गुळगुळीत असेल तर आधी भुसा घाला.

एवढं करूनही पिल्लं मरत असतील तर मेलेलं पिल्लू फेकून देऊ नका. ते फ्रीजरमध्येही ठेवू नका, गोठल्यावर पेशी फाटतात आणि डॉक्टरांना फारसं काही वाचता येत नाही. पिशवीत बंद करून फ्रीजच्या साध्या कप्प्यात, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि दिवसाभरात शवविच्छेदनाला पोचवा. सोबत वहीतलं त्या खेपेचं पान आणि आई-बापाच्या छातीच्या हाडाची, चोचीची, पिसांची नोंद न्या.